संचिता वाकडी घसरली तेव्हा

बेसबॉलच्या अंपायरकडे दोन गोष्टी असाव्या लागतात. एक, चांगले डोळे. दुसरी, मैदानावरच्या कोणाशीही देणंघेणं नसणं. माझे डोळे चांगले आहेत.

मी सर्वेश, मालवणजवळच्या एका गावातला. वर्षातले तीन-चार दिवस अंपायर असतो, उरलेले दिवस पर्यटकांना समुद्रात उतरवतो. तोंडाला नळी लावून द्यायची, डोकं पाण्यात घालायला सांगायचं आणि खाली पाव कुस्करून मासे बोलवायचे. मासे पावासाठी येतात. पर्यटकांना वाटतं, आपल्यासाठी आले. फोटो छान येतात आणि दोन्ही पक्ष खूश असतात. आई शेजारणींना सांगते, "झील माझो पाण्यात आसा." यातून मी कामाला लागलोय की बुडालोय, ते शेजारणींनी ठरवायचं.

भक्ती वेंगुर्ल्याच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. कॉलेजात आमचं मैदान एकच होतं. मुलींचा सॉफ्टबॉल एका बाजूला, आमचा बेसबॉल दुसऱ्या, मध्ये काजूचं झाड. आमचे निम्मे चेंडू त्यांच्याकडे जायचे आणि ते आणायला नेहमी मीच जायचो. कोच म्हणायचे, पोरगा कष्टाळू आहे. कॉलेज संपलं, ती बी.पी.एड.ला गेली, मी पाण्यात गेलो. मग एके दिवशी तिचा मेसेज आला : पिचर चेंडू टाकता टाकता पडला, तर चेंडू चालू धरायचा की बंद?

मला उत्तर येत नव्हतं. मी नियमांचं पुस्तक मागवलं.

मग दुसरा मेसेज आला. बॅट हातातून सुटून कुत्र्याला लागली तर? मी सबंध प्रकरण वाचलं. असं करत करत पुस्तक पाठ झालं, आणि एवढं पाठ झालंच आहे तर परीक्षा देऊ म्हणून दिली. असा मी अंपायर झालो. तीन वर्षांत तिचा एकही मेसेज नियमाबाहेरचा नव्हता. दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा ग्रुपवर. मी मात्र प्रत्येक मेसेज बेसबॉलशी संबंध नसल्यासारखा वाचायचो. 'धावणारा परत मागे फिरू शकतो का' या प्रश्नावर मी एक अख्खी भरती-ओहोटी बंदरावर बसून काढली आहे.

गेल्या आठवड्यात पहिल्यांदा नियमाबाहेरचा मेसेज आला. जबलपूरच्या एका निवासी शाळेत कायमची नोकरी लागली होती. 'तुमच्याकडची स्पर्धा झाली की लगेच निघणार. कुडाळहून गाडी आहे.' मी तो चार वेळा वाचला. त्यात काही पोटनियम नव्हता.

तुमच्याकडची स्पर्धा म्हणजे आमच्या मंडळाची, चौदा वर्षांखालच्या मुलींची. शनिवारी उपांत्य सामने, रविवारी सकाळी अंतिम. शनिवारी जिंकणाऱ्या टीमने रात्री गावातल्या शाळेत मुक्काम करायचा, मंडळाने जेवण घालायचं. हरणाऱ्या टीमने संध्याकाळीच टेम्पोत बसायचं. वेंगुर्ल्याचा सामना देवगडशी होता. वेंगुर्ला जिंकलं तर भक्ती शनिवारची संध्याकाळ आणि रविवारचा अर्धा दिवस इथे. हरलं तर खेळ संपताच टेम्पो, मग कुडाळ, मग जबलपूर.

मला जे बोलायचं होतं त्याला एक संध्याकाळ पुरली असती. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, पण कुठे बोलायचं ते ठरलं होतं. शाळेमागे दगड रचलेला एक बुटका गडगा आहे, बसायला बरा, तिथून खाली खाडी दिसते. मी जेवण समितीत स्वतःहून नाव दिलं होतं. गेल्या वर्षी मला जेवण समितीत घेतलं होतं तेव्हा मी आजारी पडलो होतो. यंदा मी सोलकढीची चव स्वतः घेऊन, आमसुलं कमी आहेत म्हणून सांगितल्यावर आचारी घाबरला.

आता या सामन्याला मी अंपायर असू नये, हे मलाही कळत होतं. तालुक्यात अंपायर दोनच, मी आणि जितेंद्र सर. सर मुख्य, फलंदाजामागे उभे राहतात. मी आत मैदानात, बेसवरचे निर्णय देतो. मी आदल्या दिवशी सरांना गाठलं.

"सर, ह्या मॅचीक माका ठेवू नकात."

"कित्याक रे?"

"वेंगुर्ल्याची कोच वळखीची आसा."

"देवगडची कोच माझी मेवणी आसा," सर म्हणाले. "गप उभो रव."

मैदान म्हणजे गावावरचा कातळ. जांभ्या दगडाचा सपाट माळ, त्यावर गवत असतं ते डिसेंबरपर्यंत. जांभ्यावर घसरलं की कातडीचा एक थर तिथेच ठेवून यावं लागतं, आणि बेसबॉलमध्ये घसरणं तर भाग असतं. म्हणून मंडळाने प्रत्येक बेसभोवती किनाऱ्यावरची वाळू आणून पसरली होती. बेस म्हणून गोणपाटात पेंढा भरून शिवलेल्या चौकोनी गाद्या. सकाळी पाहिलं तर दुसऱ्या बेसवर म्हैस उभी होती. बेस निम्मा खाऊन झाला होता.

"तिका आऊट द्या, सर," एक मुलगी म्हणाली.

"बेसार आसा ती," दुसरी म्हणाली. "सेफ."

मी म्हशीला काही दिलं नाही. नारळाच्या काथ्याची सोडणं भरून नवीन बेस शिवून घेतला. ती म्हशीला आवडत नाहीत, आणि घसरून येणाऱ्यालाही नाहीत.

सामन्याआधी बाबलीने देवाला गाऱ्हाणं घातलं. बाबली म्हणजे आमच्याकडचा कॉमेंटेटर. टेनिस बॉल क्रिकेटच्या सगळ्या स्पर्धा त्याच्या आवाजावर चालतात. बेसबॉल त्याने आयुष्यात पाहिलेला नव्हता, पण माइक त्याचा स्वतःचा होता, त्यामुळे विषय संपला. नारळ ठेवून, हात जोडून, माइक तोंडाशी धरून त्याने सुरू केलं :

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या ह्या कातळार दोन गावची चेडवा खेळूक इली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"खेळ कसलो ता आमका अजून समाजला नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तरी कोणाचो हातपाय मोडा नये, बॉल कोणाच्या आंब्याच्या कलमात जावा नये, आणि दोनव टीमी जिंकांदेत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हटलं. तटस्थ माणसाने म्हणायला हरकत नाही असंच ते गाऱ्हाणं होतं. माझा आवाज मात्र इतरांपेक्षा मोठा निघाला, तेव्हा भक्तीने टोपीखालून माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांनी. घसा बसलेला, गळ्यात शिट्टी, नाकावर ऊन. "बरो आसस मा?" एवढंच विचारून ती मुलींकडे गेली. मी तोंडाने हो म्हणायच्या आधीच गेली, त्यामुळे ते माझं उत्तर अजून बाकी आहे.

सामना सुरू झाला आणि मी ठरवलं की वेंगुर्ल्याच्या बाकाकडे बघायचंच नाही. बेस बघायचे. पहिला, दुसरा, तिसरा. हे कठीण नव्हतं, फक्त तिसरा बेस त्यांच्या बाकासमोरच होता. बाबली तिकडे माइकवर स्वतःच्या समजुतीने किल्ला लढवत होता. पहिल्या बेसवरच्या मुलीला तो नॉन-स्ट्रायकर म्हणत होता. कोणी बाद झालं की "क्लीन बोल्ड!" आणि चेंडू लांब गेला की "सिक्सर!" एकदा पिचरचे चार चेंडू बाहेर गेले, मारणारी मुलगी नियमाप्रमाणे आरामात चालत पहिल्या बेसवर गेली. त्या मुलीकडे बघून बाबली म्हणाला, "चेडू कंटाळला, घराक चल्ला." लोक टाळ्या वाजवत होते.

वेंगुर्ल्याच्या संघात संचिता नावाची एक काटकुळी मुलगी होती. तिला घसरायचं वेड. गरज नसताना घसरायची. एकदा चेंडू सीमेपार गेला, तिला चालत जाता आलं असतं, तरी ती घसरून आली. तिची घसरण मी दोनदा पाहिली आणि कोड्यात पडलो. मुली घसरतात तेव्हा एक पाय पुढे, एक मुडपलेला, अंग मागे. ही तसंच सुरू करायची, पण बेस जवळ आला की दोन्ही टाचा वाळूत रोवायची. टाचा रुतल्या की अंग गर्रकन फिरायचं, आणि ती आडवी होऊन थांबायची.

तिसऱ्या वेळी उलगडलं. ही रापणकारांच्या घरातली होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. दोन बाजूंनी दोर धरायचे आणि सगळ्या वाडीने मागे मागे जात ओढायचं. ओढणारा माणूस टाचा वाळूत रोवतो, अंग मागे टाकतो. टाच सुटली की माणूस समुद्राकडे जातो आणि घरी बोलणी बसतात. वाळू दिसली की टाच रोवायची, हे त्या मुलीला चालायला लागली तेव्हापासून शिकवलेलं. आणि आम्ही कौतुकाने बेसभोवती तिच्याच किनाऱ्यासारखी वाळू आणून टाकली होती.

शेवटचा डाव. देवगड एका धावेने पुढे. वेंगुर्ल्याची फलंदाजी, एक मुलगी बाद, तिन्ही बेसवर वेंगुर्ल्याच्या मुली. पहिल्यावर संचिता.

इथे एक नियम सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चेंडू जमिनीवर मारला गेला की पहिल्या बेसवरच्या मुलीला दुसऱ्याकडे पळावंच लागतं, कारण मारणारी मागून येते. ती पोचायच्या आत देवगडच्या मुलीने चेंडू घेऊन दुसऱ्या बेसवर पाय ठेवला, तर पळणारी बाद. आणि तिथून लगेच चेंडू पहिल्या बेसवर फेकला, तर मारणारीही बाद. एका दमात दोन, आणि तीन बाद झाल्या की डाव संपला. म्हणून पळणाऱ्या मुली फेकणारीच्या पायात घसरून तिची फेक बिघडवतात. मोठ्या माणसांत यातून हाडं मोडली, म्हणून नियम आला : घसरायचं तर बेसच्या दिशेने सरळ घसरा. वाट सोडून बाजूला उभी असलेलीचे पाय उडवलेत, तर पळणारी बाद आणि मारणारीही बाद, आणि झालेल्या धावा रद्द. वाट सोडली की नाही, ते ठरवणार बेसवरचा अंपायर. म्हणजे पाव कुस्करणारा.

चेंडू जमिनीवरून देवगडच्या मधल्या मुलीकडे गेला. तिने झटकन उचलून दुसऱ्या बेसवर दिला. तिथल्या मुलीने घेतला, पाय बेसवर, संचिता बाद. ती मुलगी नियम पाळून बेसच्या आतल्या अंगाला सरकली आणि फेकायला वळली. तोवर संचिता वाळूत आली होती. टाचा रुतल्या. अंग फिरलं. तिच्या आडव्या पायांनी देवगडच्या मुलीचे दोन्ही पाय खालून काढून घेतले. मुलगी बसली, चेंडू तिच्या हातातून उडाला आणि माळ ओलांडून कोणाच्यातरी कलमांत गेला.

तिसऱ्या बेसवरची मुलगी घरी, म्हणजे फलंदाजाच्या बेसवर, पोचली. दुसऱ्यावरचीही पोचली. दोन धावा, वेंगुर्ला पुढे, सामना खलास. बाबलीने माइकवर असा आवाज काढला की खालच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली. जितेंद्र सर घरच्या बेसवर कोण आलं ते बघत होते. देवगडच्या बाई चेंडूमागे धावणाऱ्या मुलींवर ओरडत होत्या. प्रेक्षक चेंडू बघत होते. वेंगुर्ल्याच्या मुली नाचत होत्या, आणि भक्ती दोन्ही हात डोक्यावर ठेवून हसत होती. कातळावर एवढी माणसं, आणि संचिता वाकडी घसरली हे पाहणारा मी एकटा.

माझा हात वर गेला होता. कधी गेला ते मला कळलं नाही. पाठांतराचा हा तोटा आहे, हात मालकाला विचारत नाही.

पण कोणी पाहिला नव्हता. वर गेलेला हात केसांतून फिरवून खाली आणता आला असता. घाम पुसता आला असता. मी तसाच उभा राहिलो असतो, तर कोणी मला काही विचारलंही नसतं. संध्याकाळ झाली असती. मी तिच्या पानात सोलकढी वाढली असती, ती म्हणाली असती, बरी झाली हा, मी म्हटलं असतं, आमसुलं मी सांगितली. मग शाळेमागचा गडगा. त्या सबंध संध्याकाळची किंमत म्हणून मला फक्त हात डोक्यावरून फिरवायचा होता.

देवगडची मुलगी वाळूत बसून गुडघा बघत होती. रक्त आलं होतं. ती रडत नव्हती, तिला वाटत होतं आपणच पडलो. संचिता तिला हात देत म्हणत होती, "लागला गो तुका? माका दिसलाच नाय."

"ऑब्स्ट्रक्... इंटरफिअरन्स!" मी ओरडलो. नियमाचं नाव एवढं मोठं नसतं तर बरं झालं असतं. "धावणारी बाद! मारणारी बाद! धावा रद्द!"

नाच थांबला. बाबलीने आवाज खाली आणला, हे त्याच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच. मग माइकवरून हळूच म्हणाला, "नोबॉल दिलो काय रे?"

पुढचा थोडा वेळ सगळा कातळ माझ्या अंगावर आला. एक म्हातारा काठी आपटत म्हणाला, "बाद झाली ती झाली, हंय नसलेल्या दुसरीक कशाक मारतस?" कोणी म्हणालं, "देवगडचे आंबे पोचले वाटता ह्येका." जितेंद्र सर जवळ आले. "बघलंस नीट?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "मगे तुझो निर्णय," म्हणाले आणि निर्णय संसर्गजन्य असल्यासारखे चार पावलं लांब जाऊन उभे राहिले.

संचिता जागची हलली नव्हती. "सर, मी काय केलंय?" तिने विचारलं. मी सांगणार, तेवढ्यात बाकाकडून भक्ती आली. चालत आली, पळत नाही. माझ्यासमोर उभी राहिली. सरकारी ऑफिसात बोलतात तसं शुद्ध बोलायला लागली.

"अंपायर, निर्णय काय आहे?"

"दोघी बाद. सामना देवगडने जिंकला."

"कारण?"

"धावणाऱ्या खेळाडूने घसरताना बेसची सरळ वाट सोडली आणि फेकणाऱ्या खेळाडूला अडथळा केला."

"तिने मुद्दाम केलेलं नाही."

"मुद्दाम की कसं, हे बघायचं नसतं. वाट सोडली का, एवढंच बघायचं."

"मी हरकत घेऊ शकते?"

"नियम चुकीचा लावला असं वाटत असेल तर घेता येते. मी काय पाहिलं, त्यावर घेता येत नाही."

"आणि तू पाहिलंस तेच चुकीचं असेल तर?"

ती 'तू' म्हणाली, हे मी नोंदवून ठेवलं. "तरी नाही," मी म्हटलं.

इथे थांबायला हवं होतं. तिचं समाधान झालं होतं, कळत होतं तिच्या चेहऱ्यावर. ती वळणार होती. म्हणून मी पुढे बोलायला लागलो. म्हटलं, हीच फेक आधीच सुटली असती तर काय झालं असतं. मग देवगडची मुलगी बेसच्या बाहेरच्या अंगाला असती तर काय, ते सांगितलं. धावणारी न घसरता उभी आली असती तर, ती सरळ घसरून बेसच्या पलीकडे गेली असती तर, ती पोटावर घसरली असती तर. आयुष्यात मी कोणाला इतकं सविस्तर काही सांगितलेलं नाही. मागे लोक ओरडत होते, त्यात माझा आवाज एकसुरी चालला होता, एसटीच्या चौकशी खिडकीसारखा. ती ऐकत उभी होती. उन्हात तिच्या कानामागे वाळूचे कण चमकत होते.

"ह्या सगळा मी विचारलंय तुका?" ती म्हणाली. शुद्ध भाषा गेली होती.

"नाय."

"मगे सांगतस कित्याक?"

"पुढे कधी लागला तर."

"जबलपुरात?"

"थंय पण घसारतत लोक."

ती हसली नाही. टोपी काढली, कपाळ पुसलं, परत घातली.

"सर्वेश, आम्ही हरलो तर टेम्पो आताच सुटतलो. म्हायत आसा मा तुका?"

"म्हायत आसा."

"उद्या मी गावात नाय."

"म्हायत आसा."

"तरी?"

मी संचिताने वाळूत काढलेली रेघ बघितली. बेसकडे सरळ येऊन शेवटी कोयत्यासारखी वळली होती. अजून तशीच होती.

"ती वाकडी घसारली, भक्ती."

तिनेही ती रेघ बघितली. बराच वेळ. मग संचिताच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "चल गो. रडा नको. चपला खंय तुझी?" आणि दोघी गेल्या. जितेंद्र सरांनी सामना संपल्याचं जाहीर केलं. बाबलीने देवगड दोन विकेट राखून जिंकल्याचं सांगितलं.

मी बेस गोळा करत राहिलो. ते अंपायरचं काम नाही, पण हात कुठेतरी लावायचे होते. खालच्या बाजूला टेम्पोचा ड्रायव्हर बाबू बॅगा टपावर चढवत होता. वेंगुर्ल्याच्या मुली एकेक करून आत चढल्या. दोघीतिघींनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढच्या वर्षी मी तालुका बदलावा. भक्ती पुढे बाबूशेजारी बसली. दार लागलं. बाबूने चावी फिरवली.

टेम्पोने खोकल्यासारखा एक आवाज केला आणि गप्प झाला.

पुन्हा चावी. पुन्हा खोकला. तिसऱ्यांदा तेवढाही नाही. बाबू खाली उतरला, पुढचं झाकण उघडलं, आणि तिथूनच बाबलीच्या नावाने ओरडला. दुपारी कातळावरची लाइट गेली होती. तेव्हा कोणाला न विचारता बाबलीने आपल्या स्पीकरच्या वायरी टेम्पोच्या बॅटरीला लावल्या होत्या. "सिक्सर!" आणि "क्लीन बोल्ड!" करत करत त्याने वेंगुर्ल्याच्या परतीचा सगळा करंट कॉमेंट्रीत खर्च केला होता.

माझ्या छातीत काहीतरी उजेडल्यासारखं झालं. मेकॅनिक गावात नाही. मालवणहून येईपर्यंत अंधार. अंधारात घाटीचा रस्ता मुलींना घेऊन कोण करतो. मुक्काम करावा लागेल. देवगडच्या पानांच्या बाजूला अजून पानं मांडायची, मंडळ नाही म्हणणार नाही. मी कलमांकडे बघून देवाला म्हटलं, बाबलीचं भलं कर.

"धक्को मारूया," भक्ती म्हणाली आणि खाली उतरली.

सगळ्या मुली उतरल्या. जितेंद्र सर आले. कातळावरून देवगडच्या मुलीसुद्धा धावत आल्या, गुडघ्याला पट्टी बांधलेलीही. बाबलीला तर पहिल्या रांगेत उभं केलं. मी सगळ्यात शेवटी पोचलो, तेव्हा मागच्या फळीवर एकाच माणसाची जागा उरली होती, भक्तीच्या शेजारी.

मी हात लावले. तिचा कोपर माझ्या कोपराला लागत होता. पलीकडे संचिता, तिने टाचा जमिनीत रोवल्या होत्या. इथे तिचं शिक्षण बरोबर होतं.

"हं... जोर करा!" बाबू आतून ओरडला.

टेम्पो हलला. कातळाचा सपाट भाग पार करून उताराच्या तोंडाशी न्यायचा होता. मी ढकलत होतो म्हणजे हात लावून चालत होतो. निम्म्या वाटेवर गाडी जड झाली, कारण मी थोडी मागे ओढत असेन.

"नीट ढकल रे," भक्ती समोर बघत म्हणाली. "समाजता माका."

मी नीट ढकललं.

"एक सांगू?" ती धापा टाकत म्हणाली. "मी तुझ्या जागी असतंय, तर मी पण ह्योच निर्णय दिलो असतो."

"म्हायत आसा."

"पण वायच उशिरान दिलो असतो."

मी तिच्याकडे वळून पाहिलं. तिने पाहिलं नाही. मान खाली घालून सगळ्या अंगानिशी ती ढकलत होती, आणि कानाच्या पाळ्या लाल झालेल्या होत्या. ढकलण्याने होतात. मी तोंड उघडलं. तीन वर्षांचं सगळं, मेसेज, पुस्तक, गडगा, त्या क्षणी तोंडात आलं होतं, आणि एवढ्यात समोर उतार आला. गाडीने आपणहून वेग घेतला, बाबूने क्लच सोडला, टेम्पोने दोन उड्या मारल्या, मागून काळा धूर काढला आणि सुरू झाला.

"बंद करूचंय नाय!" बाबू आतून बोंबलला. "चढा! चढा! परत लागाची नाय ही!"

मुली धावत धावत मागच्या दाराने आत उड्या मारायला लागल्या. आतल्या बाहेरच्यांना ओढत होत्या, रापणीच्या दोरासारखी एकीला एक. संचिता चढली आणि तिने वाकून हात दिला. भक्तीने तो धरला, एक पाय फळीवर ठेवला आणि माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली. इंजिनाच्या आवाजात मला फक्त ओठ दिसले. मग ती आत गेली.

गाडीला आता धक्क्याची गरज नव्हती. बाकीच्यांनी हात काढून घेतले, देवगडच्या मुली टाळ्या वाजवत थांबल्या. माझे हात फळीवर होते. मी पळत होतो. मागून बाबली ओरडला, "अरे मेल्या, चालू झाली ती! सोड आता!" त्याच्याकडे माइक नव्हता, तरी साऱ्या उतारावर ऐकू गेलं.

मागच्या काचेतून सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्यामागे एक टोपी. पायाखाली खडी होती, धूर थेट तोंडात येत होता. मी ढकलत होतो. ओढ्यावरच्या साकवाच्या वळणापर्यंत माझे तळवे फळीला टेकलेले होते. तिथे बाबूने गिअर बदलला.